बारांतला एक

इलोइलो शहरातल्या विद्यापीठात रोस्विंदाचं काम म्हणजे फायबरच्या पट्ट्या तोडणं. यंत्राच्या जबड्यांत पट्टी धरायची, ओढायची, किती भाराला तुटली ते लिहायचं. अखंड धाग्याचं गणित त्यातल्या त्यात सोपं. पण काचेच्या धाग्याचे बोटभर तुकडे चिकट, मग घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये वाटेल तसे पडले, की ते कुठे दगा देतील हे आधी सांगणं महाकठीण. रोस्विंदाला ते जमू लागलं होतं. तिचा बाप एउलोहियो तर येईल-जाईल त्याला सांगायचा, "माझी लेक वस्तू मोडायच्या आधी सांगते, कधी मोडेल ते."

तो किनाऱ्यावर होड्या बांधायचा. होडीला उलांडी, म्हणजे बाजूचा तरंगता आधार, जोडणारे आडवे दांडे बांबूचे असत आणि दोन वर्षांत कुजत. "ताय, दांडेही फायबरचे करू या," रोस्विंदाच बापाला म्हणाली. बापाच्या हातचे बारा नमुने तिने तोडून पाहिले. अकरा झकास निघाले. बारावा निम्म्या भारालाच गेला. यंत्रात पट्टी तिरकी बसली असेल, असं म्हणून तिने तो वगळला, अकरांची सरासरी काढली आणि बापाला फोन केला, "बिनधास्त बांधा."

पहिली होडी धाकट्या भावाला, डेलफिनला मिळाली.

"मनांग, तू वस्तू मोडतेस आणि वर पगार घेतेस," तो थोरल्या बहिणीला चिडवायचा. "मी एक बशी फोडली तर आई कान उपटायची."

"तुझी होडी नाही मोडायची. गप बस."

ऑगस्टमध्ये, नैऋत्येचा वारा पिसाळलेला असताना, गिमारासच्या सामुद्रधुनीत ती होडी उलटली. सोबतचा बेर्तितो एका रिकाम्या पिंपाला धरून वाचला. डेलफिन तिसऱ्या दिवशी सापडला.

"दांडा कट्कन गेला," बेर्तितो खाली मान घालून म्हणाला. "बांबू निदान आधी करकरतो तरी."

मातीनंतर रोस्विंदाने तुटका दांडा प्रयोगशाळेत नेला, कापला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तुटल्या जागी जवळजवळ सगळे धागे आडवे पडले होते. भार नुसत्या रेझिनवर होता. मग तिने कपाटातून बारावा नमुना काढला. तो कापायला तिला अख्खी दुपार लागली. आतले धागे तसेच, आडवे.

ती घरी गेली तेव्हा बाप साच्याजवळ बसला होता. ती काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "दांडा केला त्या दिवशी रेझिन लवकर आळायला लागलं, इंदाय. मी घाईघाईने रोलर एकाच बाजूने फिरवला, धागे आडवे लोळले असणार. माझ्याच हाताने गेला पोरगा."

गप्प राहिली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. बापाने सगळा दोष आपल्या अंगावर घेतलाच होता.

"ताय, असं होऊ शकतं हे मला आधी दिसलं होतं. बारावा नमुना असाच तुटला होता. मी तो धरलाच नाही."

एउलोहियो पालथ्या होडीकडे बघत बोटं मोजू लागला. त्याची शाळा चौथीपर्यंतचीच.

"बारांत एक," तो म्हणाला. "एका होडीला दांडे चार. म्हणजे दर तीन होड्यांमागे एक पोरगं."

हिशेब बरोबर होता.

असे दांडे लावलेल्या आणखी पाच होड्या गावात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दारोदार फिरली. प्रत्येक दारात काय झालं ते रोस्विंदाने स्वतः सांगितलं, वगळलेल्या नमुन्यासकट. एका बाईने तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, ते जास्त लागलं. बाप करवतीने दांडे कापत होता, ती धरत होती. दिवसभरात तो "धर" आणि "सोड" एवढंच बोलला.

संध्याकाळी ती शहराला जाणाऱ्या जीपनीत, भाड्याच्या लांब जीपमध्ये, बसली. दरवेळी बाप थांब्यापर्यंत यायचा, सुकटीची पुडी तिच्या मांडीवर ठेवायचा आणि ड्रायव्हरला बजावायचा, इंजिनियर बसलीय, हळू चालव. आज जीपनी भरून निघाली तरी तो आला नाही. तिनेही मागे वळून पाहिलं नाही.