उजव्या बटणातल्या काकू

“मागचं पान कुठंय?” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बघत होतो. चार महिन्यांपूर्वीचा केस पेपर उघडला होता. पान एक, पान दोन, पान तीन, खेळ खलास. डॉक्टरांचं म्हणणं, तिसऱ्या पानाच्या पाठीवर त्यांनी स्वतः पेन्सिलीनं लिहिलं होतं की या बाईंना एक औषध सोसत नाही. लिहिल्याचं आठवत होतं, औषधाचं नाव काही केल्या आठवत नव्हतं; बाईंनाही ते सांगता येत नव्हतं. आणि बाई पलीकडच्या खोलीत ऑपरेशनसाठी तयार होऊन पडल्या होत्या.

“मूळ कागद?”

“स्कॅन झाल्यावर पंधरा दिवसांनी नष्ट करतो, सर. तसा नियमच आहे.”

“मग हे पान गेलं कुठं?”

“स्कॅनरनं मागची बाजू घेतलीच नसेल,” मी म्हणालो. “जुना झालाय तो.”

स्कॅनर बिचारा मुका. त्याच्यावर काय वाट्टेल ते ढकलता येतं. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, सगळ्या तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या. बाईंची सून पिशव्या परत भरताना मी दारातून पाहिली. सकाळपासून उपाशी ठेवलेल्या त्या बाई “मग आता पाणी पिऊ का गं?” असं विचारत होत्या. मी तिथून पाय काढला.

रेकॉर्ड रूममध्ये येऊन खुर्चीत बसलो. पान कुठं गेलं असेल, ते मला माहीत होतं.

आमची रेकॉर्ड रूम हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईच्या खोलीला लागून. दोन टेबलं, एक स्कॅनर, खिडकीबाहेर दिवसभर वाळणाऱ्या चादरी. एका टेबलावर मी, क्लार्क. दुसऱ्यावर काकू. त्या कुणाच्या काकू होत्या देव जाणे, पण डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. स्कॅन झालेलं प्रत्येक पान उघडायचं, उलटं असेल तर सुलटं करायचं, त्याला पेशंटचा नंबर आणि तारीख द्यायची, कोरं असेल तर काढून टाकायचं आणि योग्य त्या फोल्डरात ठेवायचं, हे त्यांचं काम. दिवसाला तीनशे-साडेतीनशे पानं. अकरा वर्षं. माऊस धरून धरून त्यांचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. पट्टी बांधून यायच्या, आणि दुपारनंतर प्रत्येक टिचकीला तोंडातून बारीक “स्स” निघायचं. समोरच्या टेबलावर बसून ते ऐकणं नको व्हायचं.

म्हणून मी तो उद्योग केला. खरंच, सुरुवात त्या “स्स”पासून झाली. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

कुठंतरी वाचलं होतं की आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक ठरावीक फोल्डर असतो. त्यात आपण लिहिलेली छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, ठेवली, की तिचं नाव माऊसचं उजवं बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत दिसायला लागतं. ‘कॉपी’, ‘डिलीट’च्या पंगतीला आपलं स्वतःचं कलम. पानं निवडा, उजवं बटण दाबा, नावावर टिचकी मारा, काम फत्ते. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या मागे लागलो. पहिले तीन दिवस यादीत काहीच दिसेना. फाइल जागेवर, अक्षर न् अक्षर बरोबर, पण नाव येईना. चौथ्या दिवशी कळलं की फाइलला आधी चालायची परवानगी द्यावी लागते. ऑफिसात इतकी वर्षं काढून ही गोष्ट मला सुचू नये!

मग एकेक जमत गेलं. ‘सरळ कर’. ‘नंबर दे’. ‘कोरी पानं काढ’. शेवटी तिन्ही एकत्र करून चौथी स्क्रिप्ट केली आणि तिला काय नाव द्यावं म्हणून विचार करता करता गंमत सुचली. नाव दिलं ‘काकू’.

“अगं बाई!” त्यांनी यादीत नाव पाहिलं आणि हात तोंडावर गेला. “मी कशी रे इथं?”

“तुमचंच काम करते ना, मग तुमचंच नाव.”

“घराच्या दारावर पाटी आहे. त्यावर ह्यांचं आहे, मुलाचं आहे. माझं नाही. इथं बरी लागले!” आणि खूप हसल्या. आठवडाभर येईल त्याला दाखवत होत्या. “हे बघा, माझ्यावर टिचकी मारली की मी कामाला लागते. घरीसुद्धा असंच असतं म्हणा.”

त्यांचा हात सुधारला. पट्टी सुटली. आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

सात महिन्यांनी मुख्य कार्यालयातून साहेब आले. पाहणी करत करत आमच्या खोलीत शिरले. त्यांच्याबरोबर चार जण. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मीच पुढे झालो.

“सर, एक दाखवू?”

चारशे पानं निवडली, उजवं बटण दाबलं. साहेब वाकून बघू लागले. “हे ‘काकू’ काय आहे?”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, “सर, या आमच्या काकू दिवसभर जे करतात ना, ते सगळं हे बटण चाळीस सेकंदांत करतं.”

सगळे हसले. साहेब हसले. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काकूही हसल्या. साहेबांनी घड्याळ लावून मोजलं, सदतीस सेकंद लागले. माझ्या पाठीवर थाप पडली. तेव्हा साहेबांनी काकूंकडे एकदा पाहिलं, मग त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. ते मला दिसलं होतं. दिसलं नाही असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला बजावत राहिलो.

महिन्याभरात काकूंना पत्र आलं. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची, ती या वर्षी होणार नव्हती. मला प्रशस्तिपत्र आलं. दोन्ही एकाच पाकिटातून आली, एवढं तरी करायला नको होतं. जाताना काकूंनी टेबल पुसलं, कप उचलला आणि म्हणाल्या, “बरं झालं रे, घरी आराम होईल.” मी “हो ना,” म्हणालो. माझ्याकडे त्याहून बरं काही नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांकडून परत आल्यावर मी माझी स्क्रिप्ट उघडली. कोरं पान ओळखायची ओळ होती: पानावर काळेपणा ठरावीक मापापेक्षा कमी असेल तर ते कोरं समज, कचरापेटीत टाक. पेन्सिलीची एखाद-दुसरी फिकट ओळ त्या मापापर्यंत पोचतच नव्हती. कचरापेटी रोज पाच वाजता आपोआप रिकामी होते. म्हणजे ही चूक पहिल्या दिवसापासून होती. मग काकू होत्या त्या आठ महिन्यांत एकही पान कसं हरवलं नाही?

रविवारी त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला. दार सुनेनं उघडलं. काकू पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

“अरे, तू! ये, ये. बस. किती वाळलास!”

इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, “काकू, ती कोरी पानं. पेन्सिलीची पानंसुद्धा कोरी म्हणून जायची का हो?”

“जायची की,” त्या सहज म्हणाल्या. “रोज पाच-सहा तरी असायची. रात्रपाळीच्या सिस्टर पेन्सिलीनंच लिहितात ना. मी आपली चार वाजले की कचरापेटी उघडून एकेक बघायचे. लिहिलेलं दिसलं की परत जागेवर ठेवायचे. डाव्या हातानं करायचे हो, उजव्याला त्रास नाही दिला.”

रोज चारनंतर त्या पडद्याला डोळे लावून बसायच्या आणि मला वाटायचं, बाईंना घरी जायचा कंटाळा आहे.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगणार होते. पण तू इतक्या हौसेनं केलं होतंस माझ्यासाठी. म्हटलं, एवढंसं तर काम आहे, कशाला उगीच हिरमोड करायचा पोराचा.”

“आणि साहेब आले तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं!”

काकूंनी हातातला सदरा मांडीवर ठेवला. “चार लोकांत? तुझं हसं झालं असतं रे.”

धरणी दुभंगावी असं लोक म्हणतात, ते उगीच नाही. त्या दिवशी भिंतीपाशी उभं राहून त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं, तर त्यांची खुर्ची राहिली असती. त्यांनी माझी अब्रू राखली. त्याच मिनिटाला मी त्यांची अकरा वर्षं सदतीस सेकंदांत मोजून दाखवत होतो. मला त्यांच्याकडे बघवेना. मी घड्या घातलेल्या कपड्यांकडे बघत बसलो.

सून चहा घेऊन आली. काकू तिला म्हणाल्या, “तो हाच गं. यानंच माझा हात वाचवला.” सुनेनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि कप आधी माझ्यापुढे धरला.

मी निघालो तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या. मागे वळून सून ऐकत नाही ना हे पाहिलं आणि आवाज खाली केला.

“तिकडे काही जागा निघाली तर सांगशील का रे? घरात सगळं चांगलं आहे, सून लाखात एक आहे. पण दिवसभरात कुणी काही विचारत नाही बघ. तिकडे कसं, काकू हे कुठंय, काकू ते कुठंय...”

“सांगतो की,” मी म्हणालो. “नक्की सांगतो.”

जागा निघायची गरजच नव्हती. चूक माझी होती आणि ती आठ महिने काकूंनी निस्तरली, एवढं साहेबांना लिहून कळवलं असतं तरी त्यांना परत बोलावणं आलं असतं. स्क्रिप्टमधली ती ओळसुद्धा मी बदलली नाही. स्क्रिप्ट आता मुख्य कार्यालयाच्या दप्तरात नोंदली गेली आहे, बदल करायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. रोज चार वाजता मीच कचरापेटी उघडतो आणि एकेक पान मोठं करून बघतो. पाच-सहा सापडतात, काकू म्हणाल्या होत्या तशीच.

या महिन्यात त्या रविवारला दोन वर्षं होतील. कारणाचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. एका पानाचाच आहे. खाली सही तेवढी करायची राहिली आहे.