मधला डबा

माझी मुलगी राजेश्री पुण्याहून तान्ह्या लेकीला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येणार होती. घरात तिची आई राहिली नव्हती, म्हणून बाळंतपण तिकडंच झालं. नातीला आधी कोण घेणार, यावरून माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, दैवशालाचं, सकाळपासून चालू होतं. परभणीला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून आपल्या माणसाचा डबा कुठं लागतो ते आधी हेरावं लागतं.

“डबा मागं येतोय, दादा. लय वेळा बघितलंय मी.”

“तू जन्मभर एसटीनं फिरलीस. डबा पुढं येतो.”

ती फलाटाच्या मागच्या टोकाला गेली, मी पुढच्या. विजयमाला, माझी बायको, असती तर आम्हा दोघांना हसत मध्ये उभी राहिली असती. आता मध्ये आमचं कोणी नव्हतं.

आणि डबा नेमका मध्येच थांबला. मी पळालो. तिकडून दैवशाला पदर खोचून पळत आली. बघतो तर जावई बॅगा उतरवत होते, राजेश्री दारात अडकली होती आणि नात चहावाल्याच्या हातात होती. त्यानं किटली खाली ठेवली होती.

“कुणाला देऊ?” त्यानं विचारलं.

“दादाला द्या,” दैवशाला धापा टाकत म्हणाली. “त्याला दोघांच्या वाटचं घ्यायचंय.”

मी नातीला छातीशी धरलं. तिनं माझ्या मिशीला हात घातला.

“झालं का? आण आता इकडं.”

“माझं झालं,” मी म्हणालो. “विजयमालाचं अजून न्हाई.”