शेपटीचा टॅग

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या लॅबला ठाऊक आहे. माझ्या दादाला तर मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून. तो याच लॅबमध्ये तंत्रज्ञ. मी प्रथिनांची रचना शोधते आणि त्यासाठी लागणारं प्रथिन तो बनवतो: जिवाणू वाढवायचे, फोडायचे, त्यातून आपल्याला हवं तेवढं गाळून घ्यायचं. मी शिकावं म्हणून त्याने स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं. तीस वर्षांत एकाही शोधनिबंधावर त्याचं नाव आलं नाही. या वेळी येणार होतं. लॅबप्रमुख सरांनी तसं कबूल केलं होतं, आणि चार आठवड्यांनी दादा निवृत्त होत होता. माझी बढतीही याच निबंधावर ठरायची होती.

आमचं काम प्रथिनाच्या एका चिमुकल्या तुकड्यावर. अमिनो आम्लांच्या जेमतेम पासष्ट मण्यांची माळ, तीन वेटोळी घालून गुंडाळलेली. पेशीला आकार देणारे धागे असतात, तिचा सांगाडाच म्हणा ना, त्यांना हा तुकडा चिकटतो. कसा, ते आम्हाला दाखवायचं होतं. रचना इतकी देखणी निघाली की सर चक्क हसले. पण धाग्यांबरोबर यंत्रात गरगर फिरवला की धागे नळीच्या तळाशी आणि हे महाशय वरच्या पाण्यात! चिकटायला तयारच नाहीत. दोन महिने मी धाग्यांना शिव्या घातल्या.

त्या मंगळवारी पडद्यावर रचना फिरवत बसले होते. धाग्याला धरणारी बाजू तिसऱ्या वेटोळ्याच्या टोकाला, अगदी शेपटीशी होती. आणि शेपटीलाच टॅग जोडलेला. टॅग म्हणजे गाळताना तुकडा पकडता यावा म्हणून लावलेले सहा जादा मणी. हात बांधायचे आणि वर विचारायचं, पकडत का नाहीस! मी कपाळाला हात लावला.

"दादा, टॅग शेपटीला कशाला लावलास रे? डोकं कुठे होतं तुझं?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

तो हातमोजे काढत म्हणाला, "चुकलं असेल, चिमणे."

सर दारातच उभे होते. असं असेल तर निबंधावर नाव घालणं अवघड आहे, एवढंच म्हणून ते आत गेले. दादाने नुसती मान डोलावली.

टॅग कधी लावला ती तारीख बघायला मी त्याची वही उघडली. दोन वर्षांपूर्वीचं पान. 'टॅग पुढच्या टोकाला लावावा, शेपटी मोकळी ठेवावी,' दादाचं गोल अक्षर. खाली लाल शाईत माझं: 'शेपटीलाच लाव. विचार करायला मी आहे.' वर सहीसुद्धा ठोकलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाने वही मिटली. "गप बस," तो हळूच म्हणाला. "माझं संपत आलंय. तुला इथे अजून वीस वर्षं काढायचीत. माझ्या नावावाचून कुणाचं काय अडतंय?"

"माझं अडतंय!" मी वही हिसकावली आणि थेट सरांच्या टेबलावर उघडून ठेवली.

सरांनी पान दोनदा वाचलं. "नाव दादांचं राहील," ते म्हणाले. "मोकळ्या शेपटीचं बनवून बघेपर्यंत निबंध थांबेल. आणि तुमची बढतीही."

बाहेर आले तर दाराशी सगळं ऐकत उभा असलेला दादा रागाने लाल. "अक्कल गहाण टाकलीस का गं?" आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. मला रडूच फुटलं.

त्याने फ्रीजमधून मोकळ्या शेपटीच्या कामाला लागणाऱ्या नळ्या काढल्या. मग हातमोज्यांची एक जोडी माझ्यापुढे धरली.

"घाल. जवळ उभी राहून नीट बघ," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मी नसेन."