फडकं बदलणाऱ्या यंत्राची सुनावणी

"काहीही बोला, पण पाण्याचं नाव काढू नका," असं पेटंट एजंट विश्वजीतनं फोनवर पुन्हा एकदा बजावलं, आणि तेव्हापासून रामेश्वरच्या डोक्यात पाण्याशिवाय दुसरं काही शिरेना. एखादी गोष्ट बोलू नको म्हटलं की माणसाच्या जिभेवर नेमकी तीच येऊन बसते.

रामेश्वर वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता. होता म्हणजे, चांगली चालू नोकरी सोडून त्यानं पुंडलिकनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत पोछ्याचं फडकं आपोआप बदलणारं यंत्र बनवलं होतं. दांडा ढकलत गेलं की मळकं कापड एका रुळावर गुंडाळलं जायचं आणि दुसऱ्या रुळावरचं स्वच्छ, ओलसर कापड पुढं यायचं. वाकायला नको, पिळायला नको. बायको रत्नमाला एका दवाखान्यात फरशा पुसायची, तिचे हात दुखायचे, म्हणून हे सुरू झालं. पुढं त्याचं वेडच लागलं. चिकलठाण्याचा एक कारखानदार ते बनवायला तयार होता, पण पेटंट मिळालं तरच. गावाकडं मेंढरं राखणारे त्याचे भाऊ आत्ताच त्याला 'फडकेवाले साहेब' म्हणत होते. अर्ज फेटाळला तर ते काय म्हणतील, हा विचारही त्याला नको व्हायचा.

पेटंट कार्यालयाच्या परीक्षण अहवालात परदेशातल्या एका जुन्या यंत्राचा दाखला होता. तेही फडकं आपलं आपण बदलायचं आणि वर पाण्याच्या टाकीत धुऊनही घ्यायचं. म्हणजे रामेश्वरचं यंत्र काय, तर तेच, टाकी काढलेलं! याला उत्तर एकच होतं, की आपल्या यंत्राला पाणी जवळजवळ लागतच नाही. पण नेमकं तेच अर्जात कुठं लिहिलेलं नव्हतं. विश्वजीतनं कपाळाला हात लावला. मागाहून नवी गोष्ट अर्जात घुसडता येत नाही, तसा नुसता वास जरी आला तरी अर्ज आपटेल, असं त्याचं म्हणणं. म्हणून पाणी हा शब्दच नको.

सुनावणी लॅपटॉपवर होती. रामेश्वर वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातला पायजमा घालून कॉटवर बसला. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, रोज नवी इमारत उठत होती, आणि जायकवाडीचं धरण मात्र तळाला गेलेलं. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही कधी ते सांगता येत नसे. मुंबईच्या कार्यालयातल्या अधिकारी मॅडमनी नमस्कार म्हटलं आणि त्याच क्षणी गल्लीत बोंब उठली, "पानी आलं! पानी आलं!"

घराघरांतल्या मोटारी घरघरू लागल्या. दिवा मंद झाला. पडद्यावर मॅडमचा चेहरा मध्येच थिजला आणि पुन्हा हलला. रत्नमाला मोटारीच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली. आपली मोटार लावली की नेटचा डबा बंद पडतो, हे दोघांनाही माहीत होतं. रामेश्वरनं नको म्हणून मान हलवली. तिनं हात मागं घेतला.

विश्वजीत रूळ, दाते, स्प्रिंग असं सगळं इंग्रजीतून समजावत होता. मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "मला अर्जदारांनाच विचारायचंय. त्या यंत्रातली टाकी तुम्ही काढून टाकलीत, एवढंच ना? मग काढून टाकण्यात शोध कसला?"

पडद्याच्या कोपऱ्यात विश्वजीतच्या भुवया वर चढल्या. रामेश्वरची पाठ करून ठेवलेली सगळी वाक्यं पार पुसली गेली.

"काढली नाय मॅडम," तो म्हणाला, आणि पुढचं आपसूक बाहेर पडलं. "टाकी कधी नव्हतीच. टाकीत भरणार काय?"

विश्वजीतनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे?"

"सकाळी तांब्याभर पान्यानं कापड ओलं करायचं, दिवसभर तेवढंच. मळकं तसंच गुंडाळून ठेवायचं अन् नळ आला की समदं एकदम धुवायचं. आमच्याकडं आठवड्यानं येतं पानी. आत्ता आलंय, ऐका की."

हंड्यांचे, पाइपांचे, भांडणांचे आवाज खिडकीतून येत होते. मॅडम खरोखरच ऐकत राहिल्या.

"हे अर्जात का नाही लिहिलंत?"

"त्यात काय लिहायचं? सगळ्यांला ठाऊकच हाय."

"मला नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

मग बराच वेळ त्या पानं चाळत बसल्या.

"कापड सकाळी एकदाच ओलसर करावं, हे अर्जात आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आकृत्यांत कुठं टाकी नाही, बादलीही नाही. म्हणजे हे पहिल्यापासूनचंच आहे, नवं नाही. पंधरा दिवसांत तसा लेखी खुलासा द्या. मग निर्णय देईन."

पडदा काळा झाला. रामेश्वरला हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच कळेना. बाहेर मोटारी एकेक करून थांबत होत्या, तेव्हा कुठं तो भानावर आला आणि धावत अंगणात गेला. रत्नमाला नळाखाली कळशी धरून बसली होती. नळ नुसता फुसफुसत होता. कळशी अर्धीच भरलेली.

"अगं, मोटार?"

"तुमीच मान हलवली न्हवं? काय म्हनली बाई?"

"लिहून द्या म्हनली."

"मग बसा की लिहायला." ती रिकामा हंडा घेऊन उठली. "मी शेजारच्या मालनबाईकडं मिळतंय का बघती."

अख्ख्या आठवड्याचं पाणी तिनं दारावरून जाऊ दिलं होतं. लिहायला बसणं काही रामेश्वरला जमेना. दुसरा हंडा उचलून तो त्याच पायजम्यावर तिच्या मागं निघाला.