मिठाचं पाणी

"मिठाचंच पानी हाय म्हनता, मग त्ये तोंडानं पाजा की! सुई कशापायी?" सरुबाईने कंपाउंडरचं मनगट घट्ट धरलं.

हिंदुरावांनी हात सोडवून घेतला नाही. "पोटात काही ठरतंय का त्याच्या, आजी? शिरेतूनच द्यायला हवं."

तिचा मुलगा गेनू बाकावर पडला होता. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. त्रेपन्न सालच्या त्या उन्हाळ्यात कुरुळी गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली होती. चाकणच्या दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटल्या संपल्या, म्हणून डॉक्टर सकाळीच पुण्याला गेले होते. मागे एकटे हिंदुराव. पंचवीस वर्षं त्यांनी खोकल्याची औषधं ढवळली होती. आता ते कोळशाच्या भट्टीवर पाणी उकळून त्याची वाफ धरून थेंबथेंब गोळा करत होते. त्यात मीठ आणि ग्लुकोज तोलून घालायचं, गाळायचं, पुन्हा उकळायचं. एक बाटली भरायला दोन तास लागत.

अखेर सरुबाईने हात सोडला. तासाभराने गेनूने डोळे उघडले आणि "आये" म्हणाला.

म्हातारी मटकन खाली बसली. मग एकदम हिंदुरावांचे पाय धरून म्हणाली, "दादा, सून घरी हाय माजी. मंजुळा. तिलाबी पहाटंपासनं उलट्या-जुलाब व्हत्यात. 'मी बरी हाय, आदी ह्यास्नी न्या' म्हनली, नि मी ऐकलं तिचं!"

हिंदुरावांनी भट्टीकडे पाहिलं. दुसरी बाटली नुकतीच निवली होती. गेनूलाही ती लागणार होती. पण त्याची नाडी आता हाताला लागत होती. त्यांनी म्हातारीला त्याच्यापाशी बसवलं, बाटली एका धुतलेल्या धोतरात गुंडाळली आणि गेनूला घेऊन आलेल्या गाडीवानाला म्हणाले, "पळव."

मंजुळा चुलीपाशीच आडवी होती. शेजारची रतनबाई तिला वारा घालत होती. अंग गार पडलेलं. हिंदुरावांनी दोन्ही दंड बांधून पाहिले, घोटे चोळले, पाच ठिकाणी सुई घातली. शिरा पार मिटल्या होत्या. कापून शीर उघडायची विद्या डॉक्टरांची; त्यांनी ती नुसती पाहिलेली.

"त्ये... कसं हायती?" मंजुळाने पुटपुटत विचारलं.

"बोलला. आईला हाक मारली त्यानं."

तिने मान किंचित हलवली. सहाव्यांदा सुई टेकवली तेव्हा हिंदुरावांना कळलं, की आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

ते परतले तेव्हा गेनू पुन्हा सुकला होता. त्यांनी नळी बदलली, नवी सुई लावली, आणि तीच भरलेली बाटली खिळ्याला टांगली. सरुबाईने त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे वळली.

"हात हलवायचा नाही, गेनू. सुई निसटेल."

"मंजुळा कशी हाय?"

बाटली संपेपर्यंत थांबावं, असं हिंदुरावांना फार वाटलं. पण आयुष्यात कुणाला चुकीची पुडी त्यांनी दिली नव्हती. ते गुडघ्यांवर बसले, आणि तिने शेवटी काय विचारलं तेही सगळं सांगितलं.

गेनूचा चेहरा वेडावाकडा झाला, छाती उचकी लागल्यासारखी हलली. डोळे मात्र कोरडेच राहिले. अंगात पाणीच नव्हतं. सुईचा हात त्याने सांगितल्याप्रमाणे बाकावर तसाच सपाट ठेवला होता. अर्धी बाटली आत गेली, तेव्हा कुठे त्याच्या कानशिलावरून पहिला थेंब ओघळला.

हिंदुरावांनी तो पुसला नाही. ते उठले आणि भट्टीत कोळसा घालू लागले.