पट्टी निघालेला आठ

तेजलने माऊसने पांढरी पट्टी उचलली, लाल जर्सीवर ठेवली, पुन्हा उचलली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात भिरकावून दिली. सकाळपासून हेच चाललं होतं. बाकीचे आकडे शहाण्यासारखे रांगेत बसले होते. सात आणि नऊच्या मधली जागा तेवढी मोकळी होती.

कामशेतच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला होती. गिऱ्हाईक नसलं की दुकानाचा कॉम्प्युटर तिचाच. फुटबॉलच्या गेममध्ये आपली टीम घालायची, हे खूळ तिच्याच डोक्यातलं. चेहरे जमले नव्हते, पण जर्सी हुबेहूब उतरली होती. गेममधले आकडे मात्र गुबगुबीत, छापील, आणि ते तिला बघवेनात. त्यांच्या टीमला छापील आकडे कधी मिळालेच नव्हते. मॅचच्या आधी डॉक्टरी चिकटपट्टी कापायची आणि एकमेकींच्या पाठीवर आकडे लावायचे, ही त्यांची रीत. पट्टीला गोलाई कुठली येणार? शून्यसुद्धा खिडकीसारखा चौकोनी. म्हणून तिने तसल्याच पट्ट्यांचे आकडे करायला घेतले, आणि आठपाशी घोडं अडलं.

आठ रेणुकाचा, सहा तेजलचा. देहूरोडच्या सेमीफायनलला तेजलला आधीच एक पिवळं कार्ड मिळालं होतं. नंतर कॉर्नरच्या झुंबडीत रेणुकाने गोलकीपरला मागून लाथ घातली. घामाने तिच्या आठची वरची उजवी पट्टी गळून पडली होती आणि पाठीवर उरला होता चक्क सहा. रेफ्रीने आकडा बघितला आणि दुसरं पिवळं तेजलला दाखवलं, म्हणजे लालच. तेजल घसा फोडून सांगत होती. रेणुका खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिली.

तेजल फायनलला बाहेर बसली. फायनल बघायला आलेल्या निवड समितीने रेणुकाला जिल्ह्याच्या कॅम्पसाठी उचललं. आणखी एक नाव टीमच्या कोच अमृता मॅडमनी उद्यापर्यंत पाठवायचं होतं. "पट्ट्या सगळ्यांच्याच निघतात," त्या तेजलला म्हणाल्या होत्या. "पण असली भडक डोक्याची पोरगी मी पाठवणार नाही."

ती पट्टी त्या दिवशी तेजलनेच लावली होती. नीट दाबली होती का? हा विचार आला की तिचा जीव आणखीच तळमळे. आता अख्खा आठ काढायला हात वळेना, आणि मोडका काढायची तिची तिलाच लाज वाटे.

"आधारची झेरॉक्स पायजे. कॅम्पला लागतीय."

दारात रेणुका उभी होती. सेमीफायनलनंतर पहिल्यांदाच बोलली होती. तेजलने हात पुढे केला, कार्ड घेतलं, मशीनवर ठेवलं. मशीन घुरघुरलं. रेणुकाची नजर स्क्रीनवर गेली.

"आपल्या पट्ट्या व्हय गं ह्या?"

"हं."

"आठ कुटंय?"

"राहिलाय."

 रेणुका काउंटरच्या आत आली, स्टूल ओढलं आणि माऊस हातात घेतला. तिला सवय नव्हती. पट्ट्या तिरक्या बसत होत्या, ती पुन्हा सरळ करत होती. एक जागा मोकळी ठेवून तिने हात काढला.

"वरची राहिली," तेजल म्हणाली.

"राहिली न्हाई. त्या दिशी असाच व्हता."

 इतके दिवस या एका वाक्यासाठी तेजल कुणाकुणाशी भांडली होती. गेममध्ये प्रत्येक आकडा एकदाच काढायचा असतो, तोच सगळ्यांच्या पाठीवर जातो, आता तेवढंच तिला आठवलं.

"स्नेहलच्या अठराचे पण सोळा होतील," ती म्हणाली.

"होऊ दे. बोंबलंल थोडी."

दोघींनाही हसू फुटणार होतं, पण फुटलं नाही.

"मी तवा बोलले असते तर मला काढली असती," रेणुका स्क्रीनकडेच बघत म्हणाली. "लय भ्याले. आता बी काढतील."

तिने मोबाईल काढला, स्क्रीनचा फोटो घेतला आणि अंगठ्याने बराच वेळ काहीतरी लिहीत राहिली. टेबलावरचा तेजलचा फोन थरथरला. टीमच्या ग्रुपवर तो मोडका आठ आला होता. खाली लिहिलं होतं, 'सेमीला माझा नंबर असा दिसत होता. लाथ मी मारली. तेजलने नाही.'

दोघी फोनकडे बघत बसल्या. रस्त्यावर तांदळाची पोती उतरवणाऱ्यांचा आरडाओरडा चालू होता. मग रेणुकाचाच फोन वाजला. अमृता मॅडम.

रेणुकाने झेरॉक्सचे कागद उचलले, पदरात पडेल ते घ्यायला निघाल्यासारखी ताठ चालत बाहेर गेली आणि फोन कानाला लावला.

"व्हय मॅडम. मीच."

तेजलने मशीनचं झाकण उचललं. काचेवर रेणुकाचं कार्ड तसंच पडलं होतं. ती ते घेऊन धावत बाहेर गेली. रेणुका रस्त्याकडे तोंड करून, खांदे उचलून ऐकत होती. तेजलने हाक मारली नाही. मॅचच्या आधी पट्टी लावायला थांबायची, तशी ती कार्ड हातात धरून तिच्या पाठीमागे थांबली.