अंगठ्याची साक्ष

पौषातलं ऊन हळदीच्या पाण्यासारखं पातळ होतं. कृष्णेवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं; पैलतीरावरचे उसाचे फड त्यात बुडून गेले होते आणि त्यांचे रुपेरी तुरे तेवढे वर तरंगत होते. गुऱ्हाळाचा गोड, जडसर धूर गल्लीत उतरत होता. उतरत होता आणि उंबऱ्याशी थबकत होता. कारण उंबऱ्याच्या आत दुसरा गंध केव्हापासून नांदत होता. लसूण घालून कढवलेल्या तिळाच्या तेलाचा, ओव्याचा, आईचा.

तो एक साधा दिवस होता. इतका साधा, की त्याची आठवण ठेवावी असं त्यालाही वाटलं नसेल.

अंगणात पाटावर ऊर्मिला बसली होती आणि तिच्या पाठीशी तिची आई, गोदाक्का. ऊर्मिला चौतीस वर्षांची, तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. दिवसभर पुस्तकांच्या सहवासात मितभाषी आणि संध्याकाळी लोखंडाच्या सहवासात त्याहून मितभाषी. विसाव्या वर्षापासून ती वजनं उचलत होती. जमिनीवरचा बार एका श्वासात डोक्यावर नेणं, क्षणभर तिथे स्थिरावणं, आणि मग तो सोडून देणं; एवढ्या एका क्षणासाठी तिनं आपली चौदा वर्षं वेचली होती.

गोदाक्का गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना न्हाऊ-माखू घालणारी. अर्ध्या गावाची हाडं तिच्या तळहाताखाली सरळ झालेली. तेलानं तुकतुकणारे, आल्याच्या गड्ड्यांसारखे गाठाळलेले, नेहमी ऊनऊन असणारे ते हात. त्या हातांना अक्षर येत नव्हतं. पण अंग वाचता येत होतं.

“खांदा?” आईनं विचारलं.

“काही नाही. जरा आखडलाय.”

चौदा वर्षं हेच उत्तर. गुडघा सुजून भोपळा झाला तेव्हा काही नाही. कमरेत उसण भरून तीन दिवस वाकता आलं नाही तेव्हा काही नाही. मनगट निखळता निखळता राहिलं तेव्हाही काही नाही. दुखतं म्हटलं की लोक लोखंड सोडायला सांगतात, हे ती फार लवकर शिकली होती. आणि मग ती सवय इतकी मुरली, की जिनं कधीच सोडायला सांगितलं नाही, तिलाही ती तेच उत्तर देत राहिली.

गोदाक्कानं पुन्हा विचारलं नाही. तान्ह्या बाळाला कुठे विचारता येतं? तिची रीत ठरलेली होती. आधी बऱ्या बाजूनं सुरुवात करायची, हळूहळू दुखऱ्या बाजूकडे सरकायचं, आणि नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवायची. दुखऱ्या जागी बोट आलं की अंगठा मुडपतो. बाळाचा मुडपतो, म्हाताऱ्याचा मुडपतो, पदकं मिळवणाऱ्या लेकीचाही मुडपतो.

बोटं सरकत गेली. मानेच्या उतारावरून पाठीच्या पात्याकडे, पात्यावरून खांद्याच्या खोबणीकडे. आणि तिथे थांबली.

“काय न्हाई म्हणं,” आई म्हणाली. “अंगठ्याला इचार जरा.”

“अंगठ्याला काय कळतंय?”

“तुझ्यापरास जास्त. त्यानं पुस्तकं वाचल्याली न्हाईत, म्हणून खरं बोलतोय.”

ऊर्मिला हसली. खांद्यावरचा हात उचलून गोदाक्कानं तेलाची वाटी बाजूला सारली आणि माठाच्या पाण्यात पंचा पिळून तिथे ठेवला. ताजं दुखणं चोळायचं नसतं, ते नुसतं निववायचं. शिळं झालं की शेकायचं. आणि मग त्याला लहान पोरासारखं बोट धरून चालवायचं, हे तिचं शास्त्र. तीन आठवडे डोक्यावर काही न्यायचं नाही, असं तिनं बजावलं. लोखंड कुठे पळून जात नाही, आणि गेलंच तर ते उचलणारा गावात आहे कोण, असंही वर ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन तसंच आलं, हळदीच्या पाण्यासारखं पातळ. धुरानं उंबरा गाठला, आणि त्याला कुणी अडवलं नाही. चूल पेटली नव्हती. गोदाक्का झोपेतच गेली होती, कुशीवर वळून, एक हात उशाशी ठेवून, कुणाला जराही त्रास न देता.

घर माणसांनी भरलं. ज्यांना तिनं न्हाऊ घातलं होतं ती पोरं आता बाप्ये झाली होती. त्यांनीच तिला खांदा दिला. बाळंतिणींच्या आया आल्या, सासवा आल्या, दाराशी बसून रडल्या. ऊर्मिलानं सगळ्यांना पाणी दिलं. काय गं, कशी आहेस, असं कुणी विचारलं की म्हणाली, काही नाही, बरी आहे. आणि सगळ्यांनी ते खरं मानलं.

कारण तिच्या अंगठ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पंधराव्या दिवशी ती व्यायामशाळेत गेली. आईनं सांगितलेले तीन आठवडे अजून सरले नव्हते. नदीकाठच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये मगदूम सरांची शाळा. तिथेच त्यांनी तिला पहिला बार हातात दिला होता. सरांनी खांदा कसा आहे विचारलं. ती म्हणाली, काही नाही. वजन उचलायच्या लाकडी टाचेच्या बुटांत तिचे अंगठे मुडपून बसले होते. ते कुणाला दिसणार?

तिनं वजन चढवलं. आणखी चढवलं. जणू एका भारानं दुसरा भार तोलता येतो. बार डोक्यावर गेला, आणि खांद्यात वीज चमकावी तशी चमक निघाली. हात गळला. लोखंड तिच्या पाठीमागे कोसळलं, आणि त्याचा घणघणाट पत्र्याला लागून कितीतरी वेळ थरथरत राहिला.

डॉक्टरांनी खांद्याचे आतले फोटो काढले, तपासलं, आणि सांगितलं की स्नायूचा थोडा भाग फाटला आहे; भरून येईल. पण पुन्हा एकदा असं झालं, तर हा हात खांद्याच्या वर जाणार नाही.

बाहेर बाकावर सर बसले होते. त्यांना रागावता येत नव्हतं, तरी ते रागावले.

“तू सांगितलं नाहीस तर मला कसं कळायचं, ऊर्मिला? मी काय तुझी आई आहे?”

ती चालू लागली. पण ते वाक्य तिच्यासोबत घरी आलं, आणि रिकाम्या अंगणात तिच्याशेजारी बसलं.

मग सुरू झाले सावकाश दिवस. निववण्याचे दिवस, शेकण्याचे दिवस. भिंतीवर बोटं चढवायची, एक वीत, दीड वीत. रबराची पट्टी ओढायची. मग रिकामी काठी, मग रिकामा बार. वर नेताना तीन आकडे, खाली आणताना पाच. जिनं नव्वद किलो पेलले होते, ती काठीखाली घामानं निथळत होती. माघ सरला, फाल्गुन आला. नदीकाठची शेवरी लाल फुलांनी पेटली, आणि फुलं गाळून पुन्हा शांत झाली.

आणि त्या सावकाशीत तिला एकेक गोष्ट दिसू लागली. हा गुडघा, जो अजून खाली बसून उठतो, तो आईनं उठवलेला. ही कंबर, जी अजून ताठ उभी राहते, ती आईनं उभी केलेली. चौदा वर्षांत तिनं जे जे डोक्यावर नेलं, त्या प्रत्येक वजनाखाली चार हात होते. दोन पकड घसरू नये म्हणून लावलेल्या पांढऱ्या पुडीनं माखलेले, दोन तेलानं माखलेले. पदकावर नाव तेवढं एकीचं.

तिचं ‘काही नाही’ हे अर्धंच वाक्य होतं. उरलेलं अर्धं आईची बोटं पूर्ण करत. ती खोटं बोलू शकली, कारण ते खोटं अलगद खोडून काढणारं कुणीतरी पाठीशी बसलेलं होतं. केवढं सुख होतं ते, न सांगता ओळखलं जाण्याचं. केवढं, आणि किती वर्षं.

चैत्रातल्या एका संध्याकाळी बारवर तीस किलो होते. शेडच्या उघड्या दारातून तिरकं ऊन आत आलं होतं, आणि त्यात तळव्यांची पांढरी पूड संथ तरंगत होती. दोनदा बार वर गेला, सुखानं गेला. तिसऱ्यांदा खांद्याच्या खोबणीत ओळखीची कळ उठली. बारीक, टोकदार, खरी.

“काय झालं?” सर दुरून म्हणाले.

‘काही नाही’ जिभेवर आलं. जुन्या वाटेनं, जुन्या पायांनी आलं. आणि तिथेच थांबलं. ते खोडणारं आता कुणी नव्हतं.

तिनं बार छातीशी आणला, मांडीवर आणला, जमिनीवर टेकवला.

“सर, दुखतंय. इथं.”

सर जवळ आले. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, ती जागा दोनदा विचारून घेतली, वजनं काढून ठेवली. आज बास, परवा वीस किलोनं बघू, म्हणाले. आणि बर्फ आणायला कोपऱ्यावरच्या रसवंतीकडे गेले. जगबुडी झाली नाही. लोखंड सोडायला कुणी सांगितलं नाही.

ती एकटी बसून राहिली. दारापलीकडे कृष्णा सोन्याच्या रसासारखी संथ वाहत होती. उन्हं पाण्यावरून निघून काठावर, काठावरून निघून झाडांच्या शेंड्यांवर चालली होती. शेवरीचं एक बोंड उकललं, आणि त्यातला कापूस वाऱ्यावर हलका, हलका होत गेला. तिनं डाव्या हातानं उजवा खांदा धरला, आणि जे कधीच म्हटलं नव्हतं ते मोकळ्या आवाजात म्हटलं.

“आई, दुखायचं गं. दर वेळी दुखायचं. तुझा हात लागायचा, आणि उतरायचं.”